चित्रफितींचे चलन बदलले : 'फ्लॅश'कडून खुल्या मानकांकडे

मराठवाड्यातील वयोवृद्ध माणसांच्या बोलण्यात 'हाली' आणि 'कलदार' हे दोन शब्द अद्यापही अधूनमधून ऐकू येतात. निजामाच्या हैदराबाद संस्थानात स्वतःचे नाणे चालत असे. त्यास हाली अथवा उस्मानिया सिक्का म्हणत. संस्थानाच्या सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया, म्हणजेच कलदार, चाले. शंभर कलदार रुपयांसाठी ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. त्या काळच्या औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या जिल्ह्यांतील ज्या शेतकऱ्याचा अथवा व्यापाऱ्याचा माल सोलापूर किंवा अहमदनगरच्या पेठेत जाई, त्याच्या डोक्यामागे हा हिशेब सदैव लागलेला असे. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० साली तेथे भारतीय रुपया आला आणि १९५९ पर्यंत हाली सिक्का व्यवहारातून पूर्णतः बाद झाला. ज्यांनी वेळीच बदलून घेतला त्यांचे नुकसान झाले नाही. गाडग्यात पुरून ठेवलेला सिक्का मात्र केवळ धातूच्या मोलाचा उरला.

आंतरजालावरही अशा एका खाजगी चलनाचा अंमल सुमारे पंचवीस वर्षे होता. तो ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्या चलनाचे नाव 'फ्लॅश'. या काळात संगणकावर ज्यांनी कधी चित्रफीत पाहिली, मुलांना हलत्या चित्रांचा एखादा पाठ दाखविला अथवा एखाद्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर सरकणारी चित्रे पाहिली, त्यांनी हे चलन नकळत वापरलेले आहे. ते का बंद झाले, त्याच्या जागी काय आले आणि ज्यांच्या कपाटात अजून जुना सिक्का पडून आहे त्यांनी काय करावे, हे समजून घेणे शिक्षक, अधिकारी आणि ग्रामस्थ या तिघांच्याही उपयोगाचे आहे. हैदराबाद शहराचा या घडामोडीशी दुहेरी संबंध आला, तोही पुढे पाहता येईल.

ब्राउझर आणि त्याला जोडलेले ठिगळ

संगणकावर अथवा मोबाईलवर संकेतस्थळ पाहण्यासाठी जी आज्ञावली लागते तिला ब्राउझर म्हणतात. ब्राउझरचे मूळ काम तसे सरळ आहे. दूरच्या सर्व्हरकडून मजकूर आणावयाचा, त्या मजकुरात पेरलेल्या खुणा वाचावयाच्या आणि त्या खुणांनुसार मथळा मोठा, परिच्छेद लहान, चित्र अमुक जागी, अशी मांडणी करून पडद्यावर दाखवावयाचे. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल असे नाव आहे. ती भाषा कोणाच्याही मालकीची नाही. युरोपातील सर्न या विज्ञानसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी हे जाळे विणले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते साऱ्या जगाला विनामूल्य वापरण्यास खुले केले.

तथापि त्या काळच्या ब्राउझरला मजकूर आणि स्थिर चित्रे यांपलीकडे फारसे काही दाखविता येत नसे. हलते चित्र, आवाज, चित्रफीत हे सारे त्याच्या आवाक्याबाहेर होते. ही उणीव भरून काढण्यासाठी ब्राउझर बनविणाऱ्यांनी एक सोय केली. दुसऱ्या कोणत्याही कंपनीने आपली आज्ञावली आणून ब्राउझरला जोडावी आणि पृष्ठाच्या ठराविक चौकटीत तिने आपले काम करावे. अशा जोडलेल्या आज्ञावलीस प्लगइन हे नाव पडले. अंगरख्याला लावलेल्या ठिगळासारखाच हा प्रकार होता. ठिगळाचे कापड वेगळे आणि शिवणारा शिंपीही वेगळा.

या प्लगइनांमध्ये फ्लॅश सर्वांत यशस्वी ठरला. १९९६ साली एका लहान अमेरिकन कंपनीने तो निराळ्या नावाने तयार केला. त्यानंतर तो मॅक्रोमीडिया या कंपनीकडे गेला आणि २००५ च्या अखेरीस ॲडोबी कंपनीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूट्यूबने चित्रफिती दाखविण्यासाठी फ्लॅशचाच आश्रय घेतला. त्यानंतर जगातील बहुतेक संगणकांत तो जाऊन बसला. त्याच्या गुणांविषयी वाद नाही. त्याच्या फाईली लहान असत, मंद गतीच्या जोडणीवरही चालत आणि चित्रकाराला प्रोग्रामिंग फारसे न शिकता हलता धडा रचता येई. शिक्षणक्षेत्रात तो लोकप्रिय झाला यात नवल नव्हते, आणि त्या काळी दुसरा पर्यायही नव्हता.

ठिगळाखालची भगदाडे

गावात मोकाट गुरे सापडली तर ग्रामपंचायत त्यांना कोंडवाड्यात घालते. आधुनिक ब्राउझरही तेच करतो. अनोळखी संकेतस्थळाहून आलेले प्रत्येक पृष्ठ तो एका कोंडवाड्यात ठेवतो. तेथे त्या पृष्ठाने वाटेल तितक्या उड्या माराव्यात, पण संगणकातील इतर फाईलींपर्यंत त्याला पोहोचता येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. प्लगइन मात्र या कोंडवाड्याच्या बाहेर वावरत असे. संगणकाच्या मालकाला जे अधिकार असतात, जवळजवळ ते सर्व अधिकार त्याला आपोआप मिळत. त्यामुळे फ्लॅशमध्ये एखादी फट राहिली असेल, तर ती शोधणाऱ्या भामट्याला कोंडवाड्याचे दार फोडावेच लागत नसे. तो थेट घरात उतरत असे. पुढील काळात प्लगइनलाही बंदिस्त करण्याचे प्रयत्न झाले. ठिगळ दुहेरी शिवण्यासारखेच ते होते.

अशा फटी थोड्या नव्हत्या. फ्लॅशच्या आयुष्यात हजाराहून अधिक सुरक्षात्रुटींची अधिकृत नोंद झाली. त्यांपैकी कित्येक संगणकाच्या स्मृतीच्या हाताळणीतील होत्या. आज्ञावलीने सोडून दिलेली स्मृतीची जागा ती पुन्हा वापरावयास जाते आणि दरम्यान भामट्याने तेथे आपल्या आज्ञा भरून ठेवलेल्या असतात, असे त्यांचे साधारण स्वरूप होते.

अधिकारीवर्गाने विशेष लक्षात ठेवावा असा एक प्रसंग मार्च २०११ मधील आहे. अमेरिकेत आरएसए ही कंपनी मोठमोठ्या संस्थांना संगणकीय कुलुपे पुरवीत असे. म्हणजे सुरक्षा विकणे हाच तिचा धंदा. तिच्या काही कर्मचाऱ्यांना एक टपाल आले. सोबत २०११ च्या नोकरभरतीच्या नियोजनाचा म्हणून एक एक्सेल तक्ता जोडलेला होता. एका कर्मचाऱ्याने तो उघडला. तक्त्याच्या पोटात फ्लॅशचा एक तुकडा दडविलेला होता. त्याने फटीतून वाट काढून संगणकाचा ताबा परक्याच्या हाती दिला, आणि तेथून पुढे कंपनीच्या कुलुपांविषयीची गुप्त माहिती चोरीस गेली. ज्याला संकेतस्थळ म्हणतात ते येथे कोणी उघडलेच नव्हते. उघडला होता एक साधा तक्ता, आणि असे तक्ते शासकीय कार्यालयांत दररोज शेकड्यांनी उघडले जातात.

जुलै २०१५ मध्ये याहून मोठा गौप्यस्फोट झाला. सरकारांना हेरगिरीची साधने विकणाऱ्या हॅकिंग टीम या इटालियन कंपनीचीच कागदपत्रे चोरीस जाऊन उघड झाली. त्यांतून फ्लॅशमधील एकामागून एक अशा तीन नव्या फटी बाहेर आल्या, ज्यांची फ्लॅशच्या निर्मात्यांनाही तोवर कल्पना नव्हती. फायरफॉक्स या ब्राउझरने दुरुस्ती येईपर्यंत फ्लॅश चालविणेच बंद ठेवले. दुरुस्त्या येत असत, हे खरे. परंतु त्या पुष्कळदा प्रत्येकाने आपल्या यंत्रावर स्वतः बसवून घ्याव्या लागत, आणि शाळेतल्या अथवा तालुक्याच्या कार्यालयातल्या संगणकावर त्या महिनोन्महिने बसत नसत.

बेगमपेठच्या शाळेतील दोन विद्यार्थी

हैदराबादच्या बेगमपेठ भागात हैदराबाद पब्लिक स्कूल नावाची जुनी शाळा आहे. १९२३ साली जहागीरदारांच्या मुलांसाठी म्हणून ती स्थापन झाली आणि जहागिऱ्या गेल्यावर सर्वांसाठी खुली झाली. या शाळेत शिकलेले श्री. शंतनू नारायण यांनी उस्मानिया विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली, ते अमेरिकेस गेले आणि डिसेंबर २००७ मध्ये ॲडोबी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याच शाळेचे दुसरे विद्यार्थी श्री. सत्या नाडेला फेब्रुवारी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखपदी आले. मायक्रोसॉफ्टनेही फ्लॅशशी स्पर्धा करण्यासाठी २००७ साली सिल्व्हरलाईट नावाचे आपले निराळे प्लगइन काढले होते.

एप्रिल २०१० मध्ये ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एक जाहीर पत्र लिहून आपल्या फोनवर फ्लॅश येऊ देणार नसल्याची कारणे मांडली. तो एका कंपनीच्या मुठीत आहे, असुरक्षित आहे, बॅटरी खातो आणि बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यासाठी बनलेलाच नाही, असा त्यांचा रोख होता. श्री. नारायण यांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. जॉब्स यांच्या पत्रात व्यापारी हितसंबंध नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण त्यांच्या स्वतःच्या फोनचे दार तरी कोठे सर्वांना उघडे होते? पण फ्लॅशविषयीचे त्यांचे निदान चुकले नाही. पुढच्याच वर्षी ॲडोबीने मोबाईलवरील फ्लॅशचा नाद सोडला. २५ जुलै २०१७ रोजी ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्यांच्या बरोबरीने तिने घोषणा केली की २०२० च्या अखेरीस फ्लॅश कायमचा बंद होईल. सिल्व्हरलाईटचा आधारही १२ ऑक्टोबर २०२१ रोजी संपला. अशा रीतीने एकाच शाळेच्या दोन विद्यार्थ्यांच्या कारकिर्दीत आंतरजालावरील दोन खाजगी सिक्के निकालात निघाले.

फ्लॅशच्या बाबतीत एक गोष्ट विशेष होती. १२ जानेवारी २०२१ पासून त्याने स्वतःहूनच चालावयाचे नाकारावे, अशी तजवीज त्याच्या अखेरच्या आवृत्त्यांत केलेली होती. साडेतीन वर्षांची मुदत देऊनही जगात अनेकजण गाफील राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याची काही विवरणपत्रे फ्लॅशमध्येच होती. ती उघडेनाशी झाली, तेव्हा त्या खात्याला केवळ त्यांच्यासाठी स्वतःचा निराळा ब्राउझर काढण्याची वेळ आली.

नव्या व्यवस्थेची घडण

फ्लॅशच्या जागी दुसरे प्लगइन आणण्याचा मार्ग अखेर स्वीकारला गेला नाही हे बरे झाले. ठिगळच नको, वस्त्र अखंड विणावे, असा विचार पुढे आला. फेब्रुवारी २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने सुचविले की जशी मजकुरात चित्रासाठी एक खूण असते, तशीच चित्रफितीसाठीही एक खूण असावी, आणि चित्रफीत दाखविण्याचे काम ब्राउझरने स्वतः करावे. ही सूचना मान्य झाली. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत चित्रफीत आणि आवाज यांसाठी स्वतंत्र खुणा आल्या. आकृत्या काढण्यासाठी कॅनव्हास नावाचा कोरा फलक आणि रेषाचित्रांसाठी एसव्हीजी ही साधनेही उपलब्ध झाली. या आकृत्यांना हलविण्याचे, वापरणाऱ्याच्या बोटाला प्रतिसाद देण्याचे काम जावास्क्रिप्ट ही ब्राउझरची स्वतःची भाषा करते. आंतरजालाची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २८ ऑक्टोबर २०१४ रोजी या आवृत्तीस अंतिम मान्यता दिली. २७ जानेवारी २०१५ रोजी यूट्यूबने फ्लॅश बाजूस सारून याच पद्धतीने चित्रफिती दाखवण्यास आरंभ केला.

वाचकांच्या मनात येथे प्रश्न उभा राहील की फटी नव्या व्यवस्थेतही असतीलच की. असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये चित्रफिती हाताळणाऱ्या एका खुल्या संहितेत गंभीर फट सापडली, आणि तिचा गैरवापरही झालेला होता. परंतु ती संहिता सर्वांना वाचता येण्याजोगी होती, ती वापरणाऱ्या ब्राउझरांच्या दुरुस्त आवृत्त्या अल्पावधीत निघाल्या आणि बहुतेकांच्या यंत्रांवर त्या आपोआप पोहोचल्या. शिवाय ही संहिता कोंडवाड्याच्या आत चालते. दोन व्यवस्थांतील अंतर येथे आहे.

सारेच वाद मिटले असेही नाही. चित्रफीत दाबून लहान करण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांतील सर्वाधिक वापरातील पद्धतीवर अनेक कंपन्यांचे एकस्व हक्क आहेत. प्रेक्षकांकडून मोल न घेता आंतरजालावर दाखविल्या जाणाऱ्या चित्रफितींसाठी शुल्क आकारले जाणार नाही, असे त्या हक्कधारकांच्या संस्थेने ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर केले, म्हणून शाळेच्या चित्रफितींना त्याची झळ लागत नाही. विनाशुल्क वापरता यावी या हेतूने एव्ही१ ही दुसरी पद्धत २०१८ साली पुढे आली. चित्रपट विकणाऱ्यांच्या आग्रहास्तव मानकात कुलूपबंद चित्रफितींचीही सोय करावी लागली आणि त्यावरून २०१७ साली मोठे मतभेद झाले. पण गावच्या शाळेला त्या कुलपाशी कर्तव्य नाही.

गच्चीबावलीतील परिश्रम

हैदराबादचा दुसरा संबंध अधिक जिव्हाळ्याचा आहे. शहराच्या पश्चिमेस गच्चीबावली येथे १९९८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच ट्रिपल आयटी, आहे. केंद्र शासनाच्या शिक्षण खात्याने २००९ साली हाती घेतलेल्या राष्ट्रीय मिशनातून 'व्हर्च्युअल लॅब्ज', म्हणजे आभासी प्रयोगशाळा, हा उपक्रम निघाला. ज्या महाविद्यालयात उपकरणे नाहीत अथवा एका उपकरणामागे चाळीस विद्यार्थी उभे असतात, तेथील विद्यार्थ्याला संगणकाच्या पडद्यावर प्रयोग करून पाहता यावा, हा त्याचा उद्देश. दिल्लीच्या आयआयटीच्या नेतृत्वाखाली देशातील निवडक संस्था त्यात सामील झाल्या. मुंबईची आयआयटी आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय या महाराष्ट्रातील दोन संस्था त्यांत आहेत. शंभराहून अधिक प्रयोगशाळा आणि सातशेहून अधिक प्रयोग या उपक्रमातून सिद्ध झाले. त्यांतील तांत्रिक एकसूत्रतेची जबाबदारी हैदराबादच्या ट्रिपल आयटीमधील एका विभागाकडे आली.

हे प्रयोग रचले जात होते तो काळ फ्लॅशच्या भरभराटीचा. साहजिकच कित्येक प्रयोग फ्लॅशमध्ये, तर काही जावाच्या ॲपलेटमध्ये, म्हणजे तशाच दुसऱ्या प्लगइनवर विसंबणाऱ्या साधनात, रचले गेले. पुढे दोन अडचणी एकदमच उभ्या राहिल्या. ब्राउझर हे प्लगइन नाकारू लागले, आणि विद्यार्थ्यांच्या हाती संगणकाऐवजी मोबाईल आला. मोबाईलवर तर फ्लॅश नव्हताच. जनतेच्या पैशातून उभारलेली प्रयोगशाळा कुलूप न लावताच बंद पडण्याच्या मार्गावर आली.

तेव्हा हे प्रयोग एचटीएमएल ५ आणि जावास्क्रिप्टमध्ये उतरविण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यात उन्हाळी प्रशिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांचेही हात लागले. हे काम नुसत्या चित्रफिती बदलण्याइतके सोपे नसते. ते का, हे नीट समजून घेतले पाहिजे.

फ्लॅशमधील चित्रफीत असेल, तर ती एका साच्यातून काढून दुसऱ्या साच्यात घालणे हे यंत्राचे काम आहे. आज्ञा द्यावी आणि संगणकाने ते रात्रीतून करावे. हलता, प्रश्न विचारणारा, उत्तर देणारा प्रयोग मात्र असा बदलत नाही. असा प्रयोग लिहिताना त्याची एक मूळ प्रत असते. तीत आकृत्यांचे थर, काळाची पट्टी आणि सूत्रे वाचता येतील अशा रूपात असतात. ही प्रत शिजवून जी अंतिम फाईल निघते, ती वापरणाऱ्याला मिळते. भात शिजल्यावर त्यातून पुन्हा तांदूळ काढता येत नाही, तशीच गत या अंतिम फाईलीची. मूळ प्रत रचणाराजवळ असेल तर ठीक. रचणारा नोकरी सोडून गेला, कंत्राटदाराने मूळ प्रत दिलीच नव्हती अथवा ज्या डिस्कवर ती होती ती डिस्क बिघडली, तर दुसऱ्याने पडद्याकडे पाहत पाहत सारा प्रयोग नव्याने रचावा लागतो.

साध्या लंबकाचा प्रयोग घ्यावा. एक मीटर लांबीच्या लंबकाला एक पूर्ण आंदोलन करण्यास सुमारे दोन सेकंद लागतात. लांबी चौपट केली तर काळ दुप्पट होतो. फ्लॅशमधील प्रयोगात रचणाऱ्याने हे गणित सूत्राने केले होते की चार ठराविक लांबींसाठी चार तयार हालचाली चितारून ठेवल्या होत्या, हे बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाही. नव्याने रचणाऱ्याला ते तपासावे लागते, आणि तपासताना मूळ रचनेतील चुकाही सापडू शकतात. नव्या रूपात सूत्र जावास्क्रिप्टमध्ये उघडे लिहिलेले असते. शिक्षकास शंका आली तर तो ते स्वतः वाचू शकतो. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला या एका सोयीचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही.

या उपक्रमातील प्रयोगांची मूळ संहिता खुल्या परवान्याखाली सर्वांना पाहता येईल अशी ठेवण्याची पद्धत पडली, हे विशेष. उद्या हेही साधन जुने झाले तर पडद्याकडे पाहून अंदाज बांधण्याची पाळी कोणावर येणार नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न

फ्लॅशमुळे मराठीचे झालेले नुकसान सहसा कोणी मोजत नाही. फ्लॅशच्या जुन्या आवृत्त्यांना देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट मांडता येत नसत. म्हणून धडे तयार करणारे मराठी मजकुराच्या आकृत्या करून त्या चित्रासारख्या चिकटवीत. डोळ्यांना अक्षरे दिसत, पण संगणकाच्या लेखी त्या नुसत्या रेघोट्या असत. असा मजकूर शोधून सापडत नाही, नक्कल करून घेता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावलीला तो वाचताही येत नाही. खाजगी टंकात टाइप केलेले जुने परिपत्रक दुसऱ्या संगणकावर उघडताच निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे, हा अनुभव ज्या कर्मचाऱ्यांनी युनिकोड येण्यापूर्वी घेतला आहे, त्यांना हे दुखणे ओळखीचे वाटेल. दोन्हींचे मूळ एकच आहे.

नव्या व्यवस्थेत मराठी मजकूर युनिकोडमध्ये, मजकूर म्हणूनच राहतो. चित्रफितीसोबत निवेदनाच्या ओळींची एक साधी मजकूर-फाईल जोडता येते. कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत कोणती ओळ दिसावी, एवढेच तीत लिहावयाचे असते. गावातील शिक्षकाला ती स्वतः तयार करता येईल इतकी ती सोपी आहे. कर्णबधिर मुलाला त्या ओळी वाचता येतात, आणि तेच चित्र ठेवून निवेदन मराठी, तेलुगु, उर्दू अशा हव्या त्या भाषेत देता येते. हैदराबाद आणि नांदेड यांच्या दरम्यानच्या शाळांना या तिन्ही भाषांचे महत्त्व कळण्यासारखे आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचावरून पाठ्यपुस्तकातील चौकोनी संकेतचिन्ह मोबाईलने टिपून जे पाठ उघडतात, तेही कोणतेही प्लगइन न मागता चालतात. भारत शासनाच्या संकेतस्थळांसाठी २००९ साली निघालेल्या आणि पुढे सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनाही खुल्या मानकांचाच आग्रह धरतात.

कपाटातील जुन्या डिस्क

शासकीय कार्यालयांत आणि शाळांत जुन्या धड्यांच्या सीडी, डीव्हीडी अजून असतील. कोणी देणगीदाखल दिलेल्या, कोणी खरेदी केलेल्या. त्या फेकून देऊ नयेत. प्रथम त्यांतील फाईलींची यादी करावी. ज्यांच्या नावाच्या शेवटी एफएलव्ही असते त्या चित्रफिती होत आणि त्या सहज नव्या साच्यात बदलता येतात. ज्यांच्या शेवटी एसडब्ल्यूएफ असते त्या शिजवलेल्या भातासारख्या अंतिम फाईली होत, आणि एफएलए असल्यास ती मूळ प्रत समजावी. ही शेवटची सापडली तर तिची निराळी नक्कल तातडीने करून ठेवावी. रफल नावाची एक खुली आज्ञावली फ्लॅशच्या पुष्कळ जुन्या फाईली ब्राउझरच्या कोंडवाड्यातच चालवून दाखविते. नोव्हेंबर २०२० पासून 'इंटरनेट अर्काइव्ह' या संग्रहालयाने जुने फ्लॅश-साहित्य जतन करण्यासाठी तिचाच उपयोग केला आहे. सर्वच फाईली तिच्यावर चालत नाहीत, विशेषतः गुंतागुंतीच्या. तरी प्रथम ती वापरून पाहणे इष्ट.

यापुढे चलत्धड्यांचे अथवा संकेतस्थळाचे काम बाहेरून करून घेताना करारातच दोन अटी घालाव्यात. काम प्लगइनविना, साध्या मोबाईलच्या ब्राउझरवर चालले पाहिजे, आणि मूळ प्रत अंतिम फाईलीसोबत कार्यालयाच्या स्वाधीन केली पाहिजे. देयक दुसरी अट पुरी झाल्याखेरीज अदा करू नये. कंत्राटदार कुरकुर करतील, ती ऐकून घ्यावी.

ग्रामस्थांसाठी एक सावधगिरीची सूचना. एखादे संकेतस्थळ अथवा संदेश 'आपला फ्लॅश प्लेयर जुना झाला आहे, नवा उतरवून घ्या' असे सांगत असेल, तर ती फसवणूक समजावी. फ्लॅशची नवी आवृत्ती ॲडोबीकडून सर्वसामान्यांसाठी आता निघतच नाही. या नावाखाली जे उतरते ती बहुधा पासवर्ड चोरणारी अथवा फाईली ओलीस ठेवून खंडणी मागणारी आज्ञावली असते. विंडोजच्या २०२१ मधील सुधारणांनी विंडोजसोबत आलेला फ्लॅश आपोआप काढून टाकलेला आहे. ज्या जुन्या यंत्रांना त्या सुधारणा कधी मिळाल्याच नाहीत, त्यांच्या कंट्रोल पॅनेलमधील आज्ञावलींच्या यादीत 'ॲडोबी फ्लॅश प्लेयर' हे नाव शोधावे, आढळल्यास ते काढून टाकावे, आणि तसे यंत्र आंतरजालास न जोडता केवळ टंकलेखनापुरते वापरावे.